उलट न बोलणाऱ्या घरातला टॉवेल

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. माझा मूळ रंग कोणता होता यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत. मी पांढरा होतो. आता मी कुठल्याच रंगाचा नाही. रंग गेला, कडा विरल्या, अंग मऊ पडलं; एका टोकाला निळ्या सुतानं विणलेली अक्षरं मात्र जागची हलली नाहीत. ती अक्षरं अशी आहेत : ‘विश्रांती लॉज’.

माझा जन्म एका कारखान्यात यंत्रमागावर झाला. त्या दिवशी आम्ही चारशे भाऊ जन्मलो. सगळे दिसायला सारखे, त्यामुळे थोरला कोण आणि धाकटा कोण हा वाद आमच्यात कधी झाला नाही. त्यातले शंभर जण विश्रांती लॉजमध्ये नोकरीला लागलो. तिथं माणसांना विश्रांती मिळत असेल, टॉवेलांना मिळत नसे. रोज नवा पाहुणा. कुणी मला डोक्याला गुंडाळून गाणी म्हणत असे, कुणी माझ्यानं बूट पुसत असे. गाणी मी विसरलो. बूट अजून आठवतात.

एकदा बारा नंबरच्या खोलीत एक वयस्क जोडपं उतरलं. नवरा छापखान्यातून नुकताच निवृत्त झाला होता आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच बायकोला घेऊन चार दिवस बाहेर पडला होता. निघताना बॅग बायकोनं भरली. घरी येऊन नवऱ्यानं ती उघडली, तर सगळ्यात वर मी.

“अगं, हा कुठून आला?”

“चुकून आला असेल.”

“चुकून? घडी घालून?”

“मला घडी घालायची सवयच आहे मुळी,” ती म्हणाली आणि चहा टाकायला निघून गेली.

ते नवरोबा म्हणजे आमचे अण्णा. अण्णांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. त्या काळी एकेक अक्षर शिशाचं असे. त्याला खिळा म्हणत. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं असतं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. अण्णा दिवसभर ती उलटी अक्षरं वाचत आणि त्यांच्या ओळी लावत. असा माणूस दुसऱ्याच्या मालकीचा टॉवेल घरात ठेवून कसा घेणार? “पुढच्या महिन्यात परत देऊन येऊ,” असं ठरलं. दर महिन्याला ते पुढच्या महिन्यासाठी ठरत राहिलं. मग एक दिवस अण्णांची बायको, म्हणजे आमच्या आजी, गेल्या. त्यानंतर मला परत द्यायचा विषय कुणी काढला नाही. मला परत देणं म्हणजे आजींच्या माघारी त्यांच्यावर आळ घेण्यासारखं झालं असतं. तेव्हा घराचा एक नियम झाला : पाहुणे आले की टॉवेलाची अक्षरं आत दुमडायची.

वर्षं गेली. मी झिजलो. लादी पुसायच्या फडक्यांत माझा नंबर लागला आणि मोरीजवळच्या बादलीच्या काठावर मी आपल्या पुढच्या आयुष्याचा विचार करत लोंबू लागलो. तो विचार काही फार सुखाचा नव्हता.

त्याच सुमारास घरात बाळ आलं.

ते नऊ आठवडे आधीच आलं. घाई कसली होती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मुलगी होती आणि तिचं वजन इतकं कमी होतं की ते मोठ्यानं सांगायला घरातली माणसं कचरत. दवाखान्यात ती बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. अण्णांनी काचेला नाक लावून तिला पाहिलं आणि घरी येऊन खुर्चीत बसत म्हणाले, “अनुस्वार आहे हो नुसती!” मग त्यांनाच वाटलं की सुनेला वाईट वाटेल. म्हणून पुढे म्हणाले, “पण अनुस्वाराला हलकं समजू नका. तेवढा एक सुटला की अख्खं वाक्य बिघडतं.”

तेव्हापासून मुलगी अनुस्वार झाली. लाडात अनू.

अनूच्या आईला मी आईच म्हणतो. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायचं काम करत असे. आता रजेवर होती. अनूचे बाबा लिफ्ट दुरुस्त करत. जगातली प्रत्येक अडचण ही मुळात लिफ्टची अडचण आहे, असं त्यांचं मत होतं.

घरी सोडताना दवाखान्यानं सांगितलं की हे जोखमीचं बाळ आहे. घाबरून जायचं नाही, पण लक्ष ठेवायचं. मान, पाठ, हात, पाय, सगळं वेळेवर यायला व्यायाम हवेत आणि ते आईबाबांनी घरीच करायचे. दवाखाना पाच तासांवर. तेव्हा व्यायामाच्या मॅडम फोनवरून शिकवतील.

मॅडम मला कधी दिसल्या नाहीत. मला त्या ऐकू येत. आवाज असा, की अवघड गोष्टही शेजारणीला सांगावी तशी सांगत. आमच्या घरात फोनवर चेहरे टिकत नसत. दोन मिनिटांत चित्र गोठे आणि मॅडम तोंड उघडं ठेवून तशाच राहत. म्हणून ठरलं असं : दर गुरुवारी बाळाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवायचा. बाळाला मोकळं निजवायचं, कुणी हात लावायचा नाही, बोलायचं नाही, ते आपलं आपण कसं हलतं ते दिसलं पाहिजे. मॅडम तो पाहतील आणि फोन करून व्यायाम सांगतील.

“घरात एखादा जुना टॉवेल आहे का?” पहिल्याच फोनवर मॅडमनी विचारलं. “नवा नको, टोचतो. चांगला जुना, मऊ.”

तिघांनीही एकाच वेळी बादलीकडे पाहिलं.

“आहे,” अण्णा म्हणाले. “पण तो जरा...”

“आहे, आहे!” बाबा मध्येच म्हणाले.

मित्रांनो, मला फडक्यांच्या रांगेतून उचलून, उकळत्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवून पलंगावर आणलं गेलं. मला दोन कामं मिळाली. रोज माझी घट्ट गुंडाळी करून ती अनूच्या छातीखाली ठेवत आणि तिला पालथं घालत, म्हणजे तिला कोपरांवर भार देऊन मान उचलता येई. आणि गुरुवारी मला सपाट अंथरून वर अनूला निजवत. अर्थात अक्षरं आत दुमडून. मॅडम झाल्या तरी त्या बाहेरच्याच.

व्हिडिओची व्यवस्था बाबांनी केली. लिफ्टच्या सामानातली एक लोखंडी पट्टी वाकवून त्यांनी पलंगाच्या वर फोन टांगला, पडद्याची बाजू खाली. का, तर बाळ डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत येतंय की नाही हे आईला खालूनच दिसावं. म्हणजे माणूस स्वतःचा फोटो काढायला जो पुढचा कॅमेरा वापरतो तो. व्हिडिओ काढून झाला की अण्णा तो डोळ्यांजवळ धरून पूर्ण बघत. छापखान्यातली सवय. तपासल्याशिवाय प्रूफ बाहेर जाता कामा नये.

“चोख आहे,” असं अण्णा म्हणाले की व्हिडिओ जाई.

पहिले काही महिने सगळं झकास चाललं. अनूनं मान धरली. व्यायामात डावं-उजवं काय, हा प्रश्नच आला नाही, कारण मान एकच असते.

हाताचा प्रश्न अनू सहा महिन्यांची झाल्यावर आला. त्याआधी घरात एक आनंदाची बातमी झाली होती. खुळखुळा वाजवला की अनू डावा हात पुढे करी. डाव्या हातानं आईचे केस ओढी, डाव्या हातानं अण्णांचा चष्मा काढी. उजवा हात मूठ मिटून अंगाशी. बाबा खूश. “आत्यावर गेली! आमची आत्या डावखुरी होती. भांडायची पण डाव्या हातानं.”

त्या गुरुवारी मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, पण शब्द जपून येत होते.

“ताई, बाळ डावी मूठ उघडत नाहीये. खेळण्याकडे उजवाच हात जातोय. इतक्या लहान बाळाला डावखुरं-उजवखुरं असं काही नसतं बरं का. दोन्ही हात सारखे चालायला हवेत. एक मागे राहत असेल तर त्याच्याकडे आत्ताच बघायचं. पुढे बघू म्हटलं तर हात ती सवयच विसरतो.”

मग त्यांनी व्यायाम सांगितला. डाव्या हाताच्या पाठीवरून मनगटापासून बोटांपर्यंत हलकेच बोटं फिरवायची. मूठ ओढून उघडायची नाही. ती आपण होऊन उघडली पाहिजे. खेळणं डाव्या बाजूला धरायचं. उजव्या कुशीवर निजवायचं, म्हणजे डावा हात वर मोकळा राहील. दिवसातून सहा वेळा.

फोन बंद झाला. तिघांनी अनूकडे पाहिलं. अनूनं डाव्या हातानं माझं टोक तोंडात घातलं होतं. उजवी मूठ मिटलेली होती.

“अहो,” आई म्हणाली, “पण मूठ तर उजवी आहे.”

“थांब,” बाबा म्हणाले. “त्या समोरून बघतात. समोरच्या माणसाचा डावा तो आपला...” ते अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले. “अण्णा, डावा हात वर करा.”

अण्णांनी केला. बाबांनीही आपला केला. दोघं एकमेकांच्या हातांकडे पाहत बराच वेळ तसेच उभे राहिले, दोन पोलीस एकाच चौकात आल्यासारखे.

“डावा म्हणजे डावाच,” शेवटी बाबा म्हणाले. “आणि बरोबरच आहे ते. इमारतीत दोन लिफ्ट आहेत समज. एक बंद, एक चालू. आपण सर्व्हिसिंग आधी कुणाचं करतो? चालू असते तिचं. सगळा भार तिच्यावर असतो. बंद आहे ती कुठे पळून जातेय?”

“मी विचारू का मॅडमना?”

“विचार की,” बाबा म्हणाले आणि अण्णांकडे बघू लागले.

अण्णांनी घसा साफ केला. “हे बघ, लेखकानं काहीही लिहिलेलं असो, आपण मूळ प्रतीबरहुकूम जुळवायचं. त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. जाणत्या माणसाला उलट बोलू नये. आपल्या घरात ती पद्धत नाही.”

आई गप्प बसली. तिलाही लहानपणापासून हेच शिकवलेलं होतं, मित्रांनो. तुम्हालाही शिकवलं असेल.

आणि मग दिवसातून सहा वेळा, न चुकता, आई अनूच्या धडधाकट हाताला व्यायाम देऊ लागली. मी खाली पसरलेला असे. माझ्यावर तो डावा हात थोपटला जाई, गोंजारला जाई, त्याच्यापुढे खुळखुळे नाचत. आठवड्याभरात डावा हात असा तरबेज झाला की काय सांगू! बाबा म्हणाले, “बघ! गुण आला की नाही?” उजव्या कुशीवर निजवल्यामुळे उजवी मूठ मात्र माझ्यात दाबली जाई. घट्ट, गरम, अंगठा आत घेतलेली मूठ. मला ती लागत असे. मला सांगता येत नव्हतं, आणि ज्यांना सांगता येत होतं त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती.

दुसरा गुरुवार गेला. तिसरा आला. फोनवर मॅडम म्हणाल्या, “ताई, व्यायाम होतायत ना?”

“हो, मॅडम. सहा वेळा.”

“मूठ अगदी आहे तशीच आहे हो. खेळणं डाव्या बाजूलाच धरता ना?”

“हो.”

मग मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या, “घरात कामं असतात, मला कळतं. जमत नसेल तर तसं सांगा मोकळेपणानं. मी रागावणार नाही.”

आई “हो” म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं मला मांडीवर घेतलं आणि पिळलं. मी कोरडा होतो, मित्रांनो. माझ्यातून एक थेंब निघण्यासारखा नव्हता. तरी ती मला पिळत राहिली.

त्या दिवसापासून तिनं सहाचे आठ केले. स्वयंपाक अर्धा टाकून ती येई. बाबा रात्रीचं जेवण वाढून घेऊ लागले आणि अण्णा भांडी घासू लागले. सगळे जीव तोडून मेहनत करत होते, आणि जिला मेहनत हवी होती ती उजवी मूठ माझ्यावर एकटी पडलेली होती.

पाचव्या आठवड्याच्या सोमवारी मॅडमनी सांगितलं की या गुरुवारचा व्हिडिओ पाहू आणि फरक नसेल तर तुम्हाला इकडे यावं लागेल. डोक्याची तपासणी पुन्हा करू. त्यांनी ते साधेपणानं सांगितलं. पण ‘डोक्याची’ हा शब्द घरात राहिला आणि तीन दिवस कुणाशी न बोलता फिरत राहिला.

गुरुवारी बाबांना सकाळीच बोलावणं आलं. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुणी तरी अडकलं होतं. अण्णा दाढी करायला गेले होते. अनूनं मला दोनदा ओलं केलं. आईनं मला दोरीवरून ओढून, अर्धवट वाळलेला, जसा हाती आला तसा अंथरला, अनूला वर टेकवलं आणि व्हिडिओ काढला. अण्णांची वाट पाहिली नाही. “चोख” आहे की नाही हे ऐकायची तिला इच्छाच उरली नव्हती. तिनं तो पाठवून दिला.

अण्णा आले. सवयीनं फोन डोळ्यांजवळ धरून बसले. आणि त्यांचे ताज्या दाढीचे गाल लालेलाल झाले.

“अगं, लॉज!”

“काय झालं?”

“लॉज दिसतंय! अनूच्या पायाशी! विश्रांती लॉज, लख्ख दिसतंय!” ते उठून उभे राहिले. “मॅडम काय म्हणतील? चोरांचं घर म्हणतील!”

“म्हणू देत,” आई म्हणाली. “आळशी म्हणून झालंच आहे.”

पण अण्णांना राहवेना. ते खिडकीपाशी गेले, फोन तोंडासमोर आडवा धरला आणि मॅडमना आवाजातला निरोप पाठवला. “मॅडम, सप्रेम नमस्कार. आपण व्हिडिओत जो टॉवेल पाहिलात तो आमच्याकडे चुकून आलेला आहे. आमच्या घरातून तो जाणूनबुजून उचलला गेलेला नाही. कैलासवासी मंडळींना घडी घालायची सवय होती. तरी गैरसमज नसावा.”

दहा मिनिटांत फोन वाजला. आईनं तो पलंगावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“आजोबा,” मॅडम म्हणाल्या, “ते लॉजचं राहू द्या हो. मला आधी सांगा, टॉवेलावरची अक्षरं उलटी का आहेत?”

“उलटी?” अण्णांना कळेना. “उलटी कुठे? मी वाचली की. अगदी स्वच्छ आहेत.”

“मला नाही वाचता आली. आरसा धरून वाचली मी. तुमच्या निरोपानंतर.”

अण्णांनी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे. चाळीस वर्षं ज्यांनी उलटी अक्षरं वाचली, त्यांना उलटं अक्षर समोर आलं आणि ते सवयीनं सुलटंच वाचून गेले होते. इतके महिने व्हिडिओ तपासून ‘चोख’ म्हणत आले होते. ते हळूच खुर्चीवर बसले.

“अरे देवा,” ते म्हणाले. “हे तर खिळ्यासारखं आलंय.”

पुढचा कॅमेरा आरशासारखं दाखवतो आणि काही फोन तसंच साठवून ठेवतात, एवढीच गोष्ट होती. आमचा फोन त्यातला होता.

“ताई,” मॅडमचा आवाज बदलला होता, “मला सांगा, बाळाची मूठ कुठली मिटलेली असते?”

आईनं अनूकडे पाहिलंसुद्धा नाही. “उजवी,” ती म्हणाली. “पहिल्यापासून उजवी.”

“पाच आठवडे तुम्हाला हे दिसत होतं?”

“रोज.”

“मग बोलला का नाहीत हो?”

आईच्या तोंडून जे आलं ते फार हळू आलं. “तुम्हाला उलट कसं बोलायचं, मॅडम?”

मग मॅडम म्हणाल्या, “चूक माझी आहे. व्हिडिओ बघून मीच सांगत राहिले. तुम्ही दिवसभर बाळाजवळ असता आणि तुम्हाला काय दिसतं हे मी एकदाही विचारलं नाही. आणि वर तुम्हालाच... ताई, तुम्ही आठ वेळा करत होता ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“डावा हात काय सुंदर चालतोय! आठ वेळांखाली असा चालत नाही.”

तेव्हा आई रडली. मी जवळच होतो, त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

“गेलेले पाच आठवडे परत येणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या, “पण वेळ संपलेली नाही. आजपासून उजवा. आणि आजपासून फोनवर आधी तुम्ही बोलायचं, मग मी. माझं चुकलं असं वाटलं की तिथल्या तिथे थांबवायचं. जमेल?”

“जमवते,” आई म्हणाली.

संध्याकाळी बाबा आले. सगळी हकीगत ऐकून त्यांनी थोडा विचार केला. “म्हणजे आपण चालू लिफ्टचं सर्व्हिसिंग...”

“लिफ्टचं नाव काढू नका,” आई म्हणाली. घरात उलट बोलायची पद्धत त्याच मिनिटाला सुरू झाली.

फोन आता मागच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढू लागला. खात्री म्हणून अण्णा दर वेळी माझी अक्षरं बाहेर काढून अंथरत आणि शेजारणीला बोलावून ती व्हिडिओत वाचायला लावत. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. अशा रीतीनं जी गोष्ट इतकी वर्षं पाहुण्यांपासून लपवली ती शेजारीण दर गुरुवारी मोठ्यानं वाचून दाखवू लागली.

उजव्या मुठीनं मात्र आम्हाला बराच काळ भाव दिला नाही. आई तिच्या पाठीवरून बोटं फिरवी, अनूला डाव्या कुशीवर निजवी, खुळखुळा उजवीकडे धरी. अनू मान वळवून डाव्या हातानं तो ओढून घेई आणि विजयी मुद्रेनं बघे. मॅडम म्हणाल्या, “डाव्या हातात आधीच एक खेळणं देऊन ठेवा.” आई म्हणाली, “मॅडम, ते ती टाकून देते. त्यापेक्षा तिला मांडीत घेऊन डावा हात मी माझ्या कुशीत ठेवला तर?” मॅडम म्हणाल्या, “हे तुम्हाला सुचलं? मी आता बाकीच्या आयांनाही सांगेन.” आईनं फोन ठेवला आणि घरभर उगीचच दोन फेऱ्या मारल्या.

मग एका दुपारी अनू गुंडाळीवर पालथी होती. मला उजव्या बाजूला काही तरी वेगळं जाणवलं. मूठ नव्हती. आधी करंगळी टेकली. मग तिच्याजवळचं बोट. आणि मग अख्खा तळवा, ओलसर, गरम, पाच बोटं पसरून माझ्यावर. लॉजमध्ये हजारो हात मला लागले होते. असा हात कधी लागला नव्हता.

पण मी तुम्हाला गोष्ट गोड करून सांगणार नाही. उजवा हात डाव्यासारखा झाला नाही. मॅडमनी ते आईला स्वच्छ सांगितलं : “थोडा फरक राहू शकतो. किती, ते आत्ता सांगता येत नाही. पण एक गोष्ट मला हवीय. चिमूट. अंगठा आणि पहिलं बोट, दोघांनी मिळून बारीक वस्तू धरायची. ती आली की हात पुढे स्वतःचं स्वतः शिकतो. बटण लावेल, पेन्सिल धरेल.”

अनूचा वाढदिवस झाला. डाव्या हातानं ती भिंतीवरची मुंगीसुद्धा चिमटीत धरायला जाई. उजवा हात समोरचं सगळं पंज्यानं गोळा करी, पत्ते गोळा करावेत तसं, आणि निम्मं सांडी. आई त्याच्यापुढे काय काय ठेवी : लाकडी मणी, दोरीची गाठ, सुट्टं बटण (ते मात्र आईच्या बोटांत धरलेलं). अनू पंजा मारी आणि हसे. दोन महिने असंच चाललं. फोनवर आई आधी बोले आणि म्हणे, “चिमूट नाही, मॅडम.” मॅडम म्हणत, “बरं. चालू ठेवू.”

आता शेवटचं सांगतो, मित्रांनो. आम्हा टॉवेलांच्या अंगावर सुताचे बारीक फासे असतात. पाणी टिपायचं काम तेच करतात. टॉवेल म्हातारा झाला की ते फासे सैल होतात. मागच्या आठवड्यात माझ्या मधोमध एक फासा वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. अनू माझ्यावर बसली होती. डाव्या हातात तिनं आईचा पदर धरला होता आणि तो काही केल्या सोडणार नव्हती. तिनं फासा पाहिला. उजवा हात आला. मला वाटलं, पंजा पडणार.

अंगठा आला. पहिलं बोट आलं. ती दोघं थोडी थरथरली, एकमेकांना चुकली, पुन्हा शोधत आली आणि मध्ये माझा फासा धरून मिटली. आणि तिनं ओढलं.

सर्रकन एक धागा निघाला.

आईचं लक्ष माझ्याकडे गेलं. कॉलर शिवणारी बाई ती. लोंबता धागा दिसला की तिला चैन पडत नाही. तिनं शेजारची कात्री उचलली, धाग्याशी नेली. आणि तेव्हा तिला दिसलं की धाग्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे, कुठल्या हातात आहे आणि कसं धरलेलं आहे.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, जसं काही पाखरू बसलं आहे, “इकडे या. आवाज करू नका.”

अण्णा आले. बाबाही आले, हाताला ग्रीस तसंच. तिघं उकिडवे बसून एका जुन्या टॉवेलाची उसवण बघत राहिले. फोन लावायचं कुणाला सुचलंच नाही. आईनं कात्री खाली ठेवली.

आता रोज एक-दोन धागे जातात. धागा वीतभर झाला की आई तो कापते, बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ नये म्हणून. त्याआधी नाही. मी दिवसेंदिवस विरळ होतोय. परवा उन्हात वाळत घातलं तेव्हा माझ्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

माझ्यासारखे आपलं आत्मवृत्त सांगतात तेव्हा शेवटी म्हणतात, जुन्या वस्तू जपून वापरा, त्यांना फाडू नका, ओढू नका. चांगली गोष्ट आहे. इतर टॉवेलांच्या बाबतीत जरूर पाळा. आणि मोठ्या माणसांचा मानही ठेवा. फक्त एखादी गोष्ट तुम्हाला रोज डोळ्यांसमोर दिसत असेल आणि मोठी माणसं दुसरंच सांगत असतील, तर एकदा मान ठेवूनच, पण उलट बोला.

माझ्यापुरतं विचाराल तर एवढंच मागणं आहे. अनूचा उजवा हात माझ्याकडे आला की कुणी “नको गं, फाटेल” असं म्हणू नका. ओढू द्या. मी लांबी-रुंदीला अजून पुष्कळ शिल्लक आहे.